ठोसा सोसण्याचे शास्त्र

वर्ध्याहून अवघ्या पाऊणशे किलोमीटरांवर असलेल्या नागपूरच्या अल्फिया पठाण हिने एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधील किएल्त्से येथे, युवा जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धेच्या ८१ किलोंवरील गटात, अंतिम लढतीत मोल्दोवाच्या प्रतिस्पर्धिनीला ५–० असे नमवून सुवर्णपदक मिळवले, तेव्हा कुस्ती आणि कबड्डी यांवरच प्रामुख्याने पोसलेल्या आमच्या विदर्भाला हा खेळ एकाएकी आपलासा वाटू लागला. अशा वेळी त्याचे केवळ कौतुक न करता त्यामागील शरीरशास्त्रही समजून घेणे अगत्याचे ठरते; कारण मुष्टियोद्ध्याची थोरवी तो किती मारतो याबरोबरच तो किती सोसतो यावरही मोजण्याचा शिरस्ता फार जुना आहे, आणि या सोसण्याविषयी जे समज रूढ आहेत त्यांतील निम्मे खरे असून उरलेले निम्मे जिवावर बेतणारे आहेत.

ठोशाचा जोर किती असतो याची मोजदाद १९८५ साली इंग्लंडमध्ये फ्रँक ब्रुनो या वजनदार गटातील व्यावसायिक मुष्टियोद्ध्यावर झाली. त्याची मूठ सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने आली, आणि टांगलेल्या लक्ष्यावर तिने क्षणभर जो भार टाकला तो ४,०९६ न्यूटन, म्हणजे चारशे किलोंहून अधिक वजनाइतका भरला. एवढा आघात माणूस उभ्याने पचवतो, तो कसा?

प्रथम धडाचा विचार करू. पोटाच्या भिंतीत स्नायूंचे थर एकमेकांवर आडवे-तिरपे रचलेले असतात. ते ऐन वेळी आवळले गेले आणि श्वास अर्धवट सोडून पोकळीतील दाब वाढवला गेला, तर आघाताची ऊर्जा विस्तृत क्षेत्रावर पसरते व आतल्या इंद्रियांपर्यंत तिचा थोडाच अंश पोहोचतो. ही कमाई सरावाची आहे. पोटावर जड चेंडू झेलणे, कोपर बरगड्यांशी ठेवणे, ठोसा येताना दिसताच श्वास फेकणे, हे सारे शिकता येते आणि शिकवता येते. किन्शासा येथे ३० ऑक्टोबर १९७४ रोजी महंमद अलीने दोरांना रेलून जॉर्ज फोरमनचे ठोसे फेरीमागून फेरी दंडांवर, कोपरांवर आणि कुशींवर घेतले व आठव्या फेरीत थकलेल्या फोरमनला आडवे केले, तो या विद्येचा सर्वांत प्रसिद्ध दाखला होय.

तरीही धडावर अशा काही जागा आहेत की जेथे कमावलेले स्नायूही पुरे पडत नाहीत. सुश्रुताने सांगितलेल्या १०७ मर्मांपैकी नाभी आणि हृदय ही सद्यःप्राणहर मर्मांत मोडतात, यावरून आपल्या शल्यवैद्यांचे निरीक्षण किती बारकाईचे होते हे कळते. छातीच्या हाडाखालच्या खळग्यात खोलवर सोलर प्लेक्सस नावाचे मज्जातंतूंचे जाळे आहे. तेथे अवचित तडाखा बसला की श्वासपटल आखडते आणि शुद्ध पूर्ण शाबूत असूनही माणसाला श्वास घेता येत नाही. १७ मार्च १८९७ रोजी कार्सन सिटी येथे बॉब फिट्झसिमन्सने जेम्स कॉर्बेटचे विश्वविजेतेपद हिरावले ते चौदाव्या फेरीत याच जागी ठोसा मारून. उजव्या बरगड्यांखालील यकृताची कथा आणखी विलक्षण: तेथे ठोसा खाल्लेला योद्धा एक-दोन क्षण उभा राहतो, क्वचित पाऊलही टाकतो, आणि मग गुडघ्यांवर बसतो, त्या वेदनेपुढे मनोनिग्रहाचा हुकूम चालत नाही.

हनुवटीचा मामला मात्र मुळातच निराळा आहे. दाराला बिजागरीजवळ न रेटता कडेला रेटले असता ते जसे सहज फिरते, तसे हनुवटीच्या टोकावर बाजूने बसलेल्या ठोशाने मस्तक मानेभोवती गर्रकन फिरते. कवटी फिरते, परंतु द्रवात तरंगणारा सुमारे १,४०० ग्रॅम वजनाचा मऊ मेंदू जडत्वामुळे मागे राहतो; त्याच्या थरांत पीळ पडतो आणि मज्जातंतू ताणले जातात. सरळ रेषेतील धक्क्यापेक्षा हे फिरणेच मेंदूला अधिक घातक ठरते, हे ऑक्सफर्डच्या हॉलबर्न या भौतिकशास्त्रज्ञाने १९४३ साली जिलेटिनच्या प्रतिकृतीवर दाखवून दिले. ताणलेल्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते, आणि ही विस्कटलेली व्यवस्था पूर्ववत करण्यात पेशींची शक्ती खर्ची पडते. प्राण्यांवरील प्रयोगांत ही ओढग्रस्त अवस्था सात ते दहा दिवस टिकलेली आढळते. योद्धा दहा आकडे मोजण्यापूर्वी उठला म्हणजे तो सावरला, ही समजूत म्हणूनच निराधार आहे.

मग काहींची हनुवटी दगडाची असते म्हणतात, त्यात तथ्य काय? दणकट मान मस्तकाचे फिरणे काही अंशी रोखते. अमेरिकेतील शालेय खेळाडूंच्या, अर्थात मुष्टियुद्ध न खेळणाऱ्या, २०१४ सालच्या पाहणीत मानेचे बळ एका पौंडाने वाढले की मेंदूला हादरा बसण्याची शक्यता पाच टक्क्यांनी घटलेली दिसली. दिसलेला ठोसा न दिसलेल्या ठोशापेक्षा सौम्य लागतो, कारण मान आधीच आवळली जाते. याउपर जे उरते ते जन्मजात ठेवणीचे. शिरस्त्राण कातडी फाटण्यापासून वाचवते, मेंदूचे फिरणे फारसे थांबवीत नाही; आंतरराष्ट्रीय हौशी संघटनेने २०१३ साली पुरुषांच्या लढतींतून ते काढूनच टाकले. मेंदूला कणखर करणारा व्यायाम अस्तित्वात नाही, आणि म्हणून तालमीत रोज डोक्यावर मार खाऊन सवय करून घेण्याच्या प्रथेला मी स्पष्ट शब्दांत अघोरी म्हणतो. अमेरिकन विकृतिवैद्य हॅरिसन मार्टलंड याने १९२८ सालीच ठोशांनी भ्रमिष्ट झालेल्या मुष्टियोद्ध्यांची कैफियत वैद्यकापुढे मांडली होती; १९७३ साली कोर्सेलिस व त्याच्या सहकाऱ्यांनी पंधरा मृत मुष्टियोद्ध्यांचे मेंदू तपासून त्यांतील झीज उघड केली. किन्शासाच्या त्याच अलीला १९८४ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, कंपवाताचे निदान झाले.

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथे जे कोणी मुलामुलींना हा खेळ शिकवीत असतील किंवा शिकवू इच्छीत असतील, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: पोट आणि मान खुशाल कमवा, बचाव शिकवा, परंतु डोक्यावरील तडाख्यानंतर ज्याची दृष्टी अंधारली, ज्याला ओकारी आली किंवा जो क्षणभर भांबावला, त्याला त्या दिवशी पुन्हा रिंगणात उतरवू नका. सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत; तेथे त्याला न्या, आणि डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत त्याचे हातमोजे आपल्याजवळ ठेवा.