हायब्रीड तूर : बी विकत घ्यायचं की घरचं ठेवायचं?

ताईंनो, मागच्या बैठकीत एका मावशींनी विचारलं, "कापसाची, ज्वारीची हायब्रीड असते, तशी तुरीची असते का? तिचं बी घरी ठेवलं तर चालतं का?" मला तेव्हा धड सांगता आलं नाही. नंतर माहिती घेतली, ती सगळ्यांसाठी लिहिते.

हायब्रीड म्हणजे दोन वेगळ्या वाणांचा संकर. त्याच्या पहिल्या पिढीला जोम असतो, म्हणून उतारा वाढतो. पण तुरीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात. संकरासाठी परागकण नसलेलं झाड लागतं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने असं झाड वापरून तयार केलेली आयसीपीएच ८ ही तूर १९९१ मध्ये आली. कडधान्यातली जगातली ही पहिली हायब्रीड. पण बियाण्याच्या प्लॉटमध्ये मादी ओळीतली निम्मी झाडं परागकणवाली निघायची. ती फुलोऱ्यात एकेक ओळखून उपटावी लागत. मजुरी वाढली, बी महाग पडलं. पुढे तुरीच्या रानटी जातीच्या मदतीने नवी मादी ओळ तयार झाली. तिच्यात उपटायची गरज राहिली नाही. शेजारच्या नर ओळीतले पराग मधमाश्या आणतात. त्यातूनच २०१० मध्ये मध्य प्रदेशात आयसीपीएच २६७१ आली.

आता आपल्या कामाचं :

१. हायब्रीडचं बी घरी ठेवू नका. पुढच्या पिढीत एक झाड उंच, एक ठेंगणं, एक लवकर तर एक उशिरा येतं. म्हणजे दरवर्षी बियाण्याचा खर्च आलाच, तो आधी हिशेबात धरा.

२. बीडीएन ७११, बीएसएमआर ७३६ हे बदनापूरचे वाण सुधारित आहेत, हायब्रीड नाहीत. त्यांचं बी दोन-तीन वर्षं घरचं वापरता येतं. मात्र मधमाश्या शेजारच्या शेतातलेही पराग आणतात. म्हणून बांधाकडचं बी नको; शेताच्या मधल्या, मर न लागलेल्या झाडांचं ठेवा.

३. हरभरा, मूग, उडीद यांची हायब्रीड बाजारात नाहीच. "हायब्रीड हरभरा आहे" म्हणून कुणी जास्त पैसे मागितले, तर आधी पिशवीवरचं लेबल वाचा. 'संकरित' आहे की 'सुधारित', ते बघा आणि पक्की पावती घ्या.

पुढच्या बैठकीला येताना बियाण्याची रिकामी पिशवी घेऊन या. लेबल सगळ्या मिळून वाचू.