हिंवाळी सरोवरावर एकटा

गेल्या माघांत आमच्या माजघराच्या भिंतीवर, देवघराच्या दाराशेजारीं, एक कागद पंधरा दिवस लावलेला होता. माझे थोरले बंधू आज हयात नाहींत. त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियांत नोकरीस असतो, त्यानें तो पाठविला होता. कागदावर एका होडीचें वर्णन होतें : लांबी पांच मीटर, रंग पिवळा, कडेस तांबडी पट्टी. त्याखालीं अंगावरील कपड्यांचा रंग, निघण्याचें ठिकाण, दोन रात्रींचे मुक्काम आणि परतण्याची वेळ. शेवटीं लिहिलें होतें : "तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं सहापर्यंत माझा फोन आला नाहीं, तर कांहीं करूं नका. चौथ्या दिवशीं दुपारीं बारापर्यंत आला नाहीं, तर खालील क्रमांकावर कळवा."

हें वाचून घरांत काय झालें असेल तें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस सांगावयास नको. मुलगा ऐन थंडींत, डोंगरांतल्या एका अफाट सरोवरावर, एका चिंचोळ्या होडींत एकटाच बसून जाणार, आणि रात्रीं बर्फावर तंबू ठोकून निजणार! वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. बोललों तो मीच. मीं त्यास चार पानें भरून रागाचें पत्र लिहिलें. उत्तरादाखल त्यानें मला पुष्कळशी माहिती वाचावयास धाडली. ती वाचून माझा राग गेला असें मी म्हणणार नाहीं; परंतु भ्यावयाचें कशास, हें मात्र मला नीट कळलें. तेंच येथें सांगण्याचा विचार आहे.

त्या सरोवराचें नांव ताहो. कॅलिफोर्निया व नेव्हाडा ह्या दोन राज्यांच्या सीमेवर, सिएरा नेव्हाडा पर्वताच्या कुशींत तें आहे. लांबी सुमारें ३५ किलोमीटर, रुंदी १९, आणि सर्वांत खोल जागीं खोली ५०१ मीटर. नुसत्या आंकड्यांनीं डोळ्यांपुढें कांहीं उभें राहत नाहीं, म्हणून आपल्याकडचीं मापें लावून पाहूं. कळसूबाईचें शिखर समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच आहे. ताहोच्या पाण्याचा पृष्ठभाग १,८९७ मीटरांवर. म्हणजे महाराष्ट्रांतील सर्वांत उंच माथ्याच्याही अडीचशें मीटर वर हें पाणी हेलकावत असतें. कोयनेचा शिवसागर कांठोकांठ भरला असतां त्यांत जेवढें पाणी सांठतें, त्याच्या पन्नासपटींहून अधिक ताहोंत आहे. ६३ ओढे आणि नद्या त्यांत उतरतात. बाहेर पडते ती एकटी ट्रकी नदी, आणि तीही समुद्रास न मिळतां नेव्हाडाच्या वाळवंटांत पिरॅमिड नांवाच्या दुसऱ्या एका सरोवरांत संपते. ताहो हें नांव मूळचें वाशो लोकांच्या भाषेंतलें. हे लोक उन्हाळ्यांत मासे धरावयास सरोवराच्या कांठीं येत, आणि थंडी पडण्यापूर्वीं खालच्या खोऱ्यांत उतरून जात. त्यांचें हें शहाणपण मीं आमच्या चिरंजीवांच्या नजरेस आणून दिलें होतें. त्यानें तिकडे दुर्लक्ष केलें.

चोहोंकडे पुरुष-पुरुष बर्फ पडत असतां हें सरोवर गोठत नाहीं, ह्याचें मला प्रथम नवल वाटलें. पाणी चार अंशांवर सर्वांत जड असतें. थंडीनें वरचा थर गार झाला कीं तो खालीं बुडतो आणि खालचें ऊबदार पाणी वर येतें. उथळ तळ्यांत ही देवघेव लवकर संपते, मग पृष्ठभाग आणखी थंड होऊन गोठतो. ताहोचें पाणी इतकें खोल, आणि वारा तें इतकें घुसळतो, कीं तेवढें सारें थंड करावयास एक हिंवाळा पुरत नाहीं. भर थंडींतही वरचें पाणी पांच अंशांच्या आसपासच राहतें. कडेच्या उथळ खाड्यांत तेवढी कधीं कधीं बर्फाची साय धरते.

पाणी गोठत नाहीं म्हणूनच होडी चालते; आणि हिंवाळ्यांतच जावयाचें कां, तर तेव्हां सरोवरावर कोणी नसतें. उन्हाळ्यांत तेथें यांत्रिक होड्यांचा गलबला असतो. शिवाय पाणीही थंडींत अधिक नितळ. १९६८ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेव्हिस येथील संशोधक एक पांढरी तबकडी पाण्यांत सोडून ती किती खोलवर दिसते हें मोजत आले आहेत. त्या पहिल्या वर्षीं सरासरी ३१ मीटर भरली. अलीकडे ती २० मीटरांच्या आसपास आली आहे. तरीही किनाऱ्याजवळून जातांना होडीची सांवली खालच्या खडकांवरून चालतांना दिसते, आणि आपण पाण्यावर नसून हवेंत तरंगत आहों असा भास होतो, असें त्यानें लिहिलें होतें. एवढें वाक्य वहिनींनीं माझ्याकडून दोनदां वाचून घेतलें.

होडी म्हणजे कयाक. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांनीं सीलच्या कातड्यानें मढवून केलेली ही शिकाऱ्याची नाव. वरून बंद, मध्यें माणसापुरतें भोंक, आणि दोन्हीं टोकांस पातें असलेलें एकच वल्हें. आतां ती प्लास्टिकची किंवा कांचतंतूंची करतात. पुढच्या व मागच्या पोटांत तंबू, स्टोव्ह आणि चार दिवसांची शिधासामग्री सहज मावते. नाव लहान म्हणून कुचकामाची, असें मात्र समजूं नये. ओस्कर स्पेक नांवाचा एक जर्मन १९३२ सालीं घडीच्या कयाकेंत बसून डॅन्यूब नदीवर निघाला. युफ्रेटिस, इराणचें आखात, आपला पश्चिम किनारा, सिंहलद्वीप करीत तो १९३९ त ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकास पोंचला. तोंवर महायुद्ध पेटलें होतें. उतरतांच त्यास शत्रुराष्ट्राचा म्हणून अटकेंत टाकलें. सात वर्षें वल्हें मारून तुरुंग!

असो. भीतीचें खरें ठिकाण होडी नव्हे, बर्फही नव्हे. तें पांच अंशांचें पाणी आहे. माझी समजूत अशी कीं थंड पाण्यांत पडलेला माणूस हळूहळू गारठून मरतो. तसें नाहीं. कॅनडांतील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट ह्यांनीं स्वतः बर्फाळ पाण्यांत उतरून ह्या विषयाचा अभ्यास केला, आणि लोकांच्या ध्यानांत राहावें म्हणून तीन आंकडे सांगितले : एक, दहा, एक. पहिल्या एका मिनिटांत श्वास हातचा जातो. माणूस मोठ्यानें धापा टाकतो, आणि त्याच वेळीं तोंड पाण्याखालीं असेल तर तेथेंच आटोपतें. तें मिनिट निभावलें तर सुमारें दहा मिनिटें हातपाय सांगितलें ऐकतात. नंतर बोटें वळत नाहींत, साधा दोर धरवत नाहीं, उत्तम पोहणाराही पोहूं शकत नाहीं. थंडीनें शुद्ध हरपावयास मात्र सुमारें एक तास लागतो. म्हणजे पुष्कळसे लोक गारठण्यापूर्वींच बुडतात. ज्याच्या अंगांत लाइफ जॅकेट आहे त्यासच तो पुढचा तास मिळतो. आणि सोबती असेल तर त्या तासाचा उपयोग. एकट्यास काय?

ह्या प्रश्नाचें एक उत्तर त्याच सरोवराच्या इतिहासांत आहे. नैर्ऋत्येस एमराल्ड बे नांवाचा एक उपसागर आहे, आणि त्यांत फॅनेट हें लहानसें बेट. सबंध सरोवरांत बेट तेवढें एकच. १८६३ पासून दहा वर्षें ह्या उपसागराच्या कांठीं रिचर्ड बार्टर नांवाचा एक इंग्रज खलाशी एका धनिकाच्या उन्हाळी घराची राखण करीत एकटा राहत असे. हिंवाळ्यांत मैलोगणती माणूस नाहीं. कंटाळला कीं तो आपली होडी वल्हवीत लांबच्या गुत्त्यावर जाई आणि रात्रीं परते. अशाच एका रात्रीं वादळांत होडी उलटली. तो कसाबसा वांचला, पण पायाचीं दोन बोटें थंडीनें मेलीं. तीं त्यानें स्वतःच कापून काढलीं, आणि एका डबींत ठेवून येणाऱ्याजाणाऱ्यास दाखवूं लागला. आपलें मरण पाण्यांतच आहे असें त्यास वाटत असावें. फॅनेट बेटावर त्यानें आपल्या हातांनीं आपली समाधि बांधून ठेवली. १८७३ च्या ऑक्टोबरांत रुबिकॉन टोकाजवळ तो वादळांत सांपडून बुडाला. प्रेत मिळालें नाहीं. समाधि रिकामीच राहिली. तो त्या दिवशीं परतला नाहीं हें त्याच दिवशीं ध्यानांत येईल असें कोणी त्यास नव्हतें.

आमच्या मुलाचा मुक्काम नेमका ह्याच रुबिकॉनच्या कड्यांखालीं होता.

मात्र त्याची तयारी बार्टरची नव्हती. हवेच्या थंडीकडे न पाहतां पाण्याच्या थंडीकडे पाहून कपडे घालावयाचे, हा ह्या विद्येंतला पहिला धडा. अंगांत लोंकरीचे थर, त्यांवर गळ्यास व मनगटास रबरानें घट्ट बसणारा ड्राय सूट. सुती धागा एकही नाहीं, कारण ओलें सूत अंगची ऊब ओढून घेतें. किनारा सोडून जावयाचें नाहीं : होडी उलटली तर त्या दहा मिनिटांत पाय टेकतील एवढ्याच अंतरावरून चालावयाचें. आणि वाऱ्याचा अंदाज रोज पाहावयाचा. ३५ किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून वारा धांवूं लागला कीं मीटरभर लाटा उठावयास वेळ लागत नाहीं. किनाऱ्याचा पुष्कळ भाग खासगी, आणि हिंवाळ्यांत बहुतेक तळ बंद. म्हणून मुक्कामाची परवानगी त्यानें आधींच काढली होती.

बर्फावरील मुक्कामाचें त्याचें वर्णन मला सर्वांत आवडलें, कारण त्यांत मला घरकाम दिसलें. प्रथम पायांनीं बर्फ तुडवून ओटा करावा, आणि तो घट्ट होईपर्यंत थांबावें. भुसभुशीत बर्फांत तंबूच्या खुंट्या धरत नाहींत, म्हणून पिशव्यांत बर्फ भरून त्याच दोरास बांधून आडव्या पुरतात. होडी ओढून वर घेऊन पाइनच्या खोडास बांधावयाची; ती रात्रीं लाटेबरोबर गेली तर सारेंच गेलें. अस्वलें थंडींत निजतात खरीं, परंतु माणसाच्या उष्ट्याची चटक लागलेलीं कांहीं जागींच असतात. त्यासाठीं शिधा कठीण डब्यांत घालून तंबूपासून दूर ठेवावा. तंबूच्या आंत स्टोव्ह पेटवूं नये, कारण त्याच्या विषारी वायूस वास नसतो. उकळतें पाणी बाटलींत भरून पायांशीं घ्यावें. ओले मोजे उशाशीं ठेवले तर सकाळीं लांकूड होतात, म्हणून तेही पांघरुणांत. श्वासाची वाफ तंबूच्या छतास गोठते आणि पहांटे तोंडावर झडते. त्या दिवसांत तेथें रात्र चौदा तासांची. वहिनींनीं पाठविलेल्या मेतकुटाचा भात खाऊन तो सहास आडवा झाला, आणि दहा वाजतां जागा होऊन पाहतो तों रात्र अजून सगळी शिल्लक.

तिसरा दिवस उजाडला. तिकडील संध्याकाळचे सहा म्हणजे आमचे दुसऱ्या दिवशींचे सकाळचे साडेसात. साडेसात झाले, फोन नाहीं. आठ झाले, नऊ झाले. दुपारीं बाराची मुदत म्हणजे आमची मध्यरात्रीनंतरची दीड. मी त्या कागदावरील क्रमांक फिरवावयास तीन वेळां उठलों. तिसऱ्या वेळीं वहिनी स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या.

"भावजी, कागदांत काय लिहिलं आहे?"

मीं वाचून दाखविलें.

"'कांहीं करूं नका' असंच आहे ना? मग बसा."

मी बसलों. घरांत सगळीं बसलीं. त्या दिवशीं आमच्याकडे स्वयंपाक झाला, पूजा झाली, मुलांचे अभ्यास झाले. त्या कागदावांचून कोणी कशाविषयीं बोललें नाहीं, आणि कागदाचें नांवही कोणी काढलें नाहीं.

तिकडे झालें होतें तें असें. सकाळींच नैर्ऋत्येचा वारा सुटला. परतीच्या वाटेवर एमराल्ड बेचें मुख ओलांडावें लागतें, आणि डोंगरांमधून येणारा वारा त्या मुखांतून नळींतून फुंकर मारावी तसा बाहेर पडतो. त्यानें टोकावरून पाहिलें. पाणी पांढरें झालें होतें. गाडी दोन तासांच्या वाटेवर उभी. थंडीनें फोनची बॅटरी मेलेली. संकटाची हांक उपग्रहामार्फत देणारें यंत्र खिशांत होतें; पण तें दाबलें कीं चार माणसें त्याच वाऱ्यांत होडी घालणार, आणि हा तर कोरडा, पोट भरलेला, तंबूंत बसलेला. मांडीभर बर्फांतून वरच्या रस्त्याकडे चढावें, हा विचारही त्याच्या मनांत येऊन गेला. तो रस्ताही हिमलोटांच्या भयानें अशा दिवसांत बंद करतात. घरीं सारे वाट पाहत असतील हें त्यास ठाऊक होतें. वल्हें हातांत घेऊन तो दोनदां पाण्यापर्यंत गेला, असें त्यानें मागाहून मला एकट्यास सांगितलें. दोन्हीं वेळां परत येऊन त्यानें तंबूच्या दोऱ्या ताणल्या.

रात्रीं वारा पडला. उजाडतांच तो निघाला.

आमच्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते. फोन वहिनींनींच घेतला. "वारा होता, आई," एवढें मला ऐकूं आलें. त्यांनीं विचारलें, "मेतकूट पुरलं का?"

"एका दिवसाचं जास्त नेलं होतं."

ह्या वर्षींचा नवा कागद परवां आला. 'कांहीं करूं नका' ह्या शब्दांखालीं वहिनींनीं तांबड्या पेन्सिलीनें दोन रेघा ओढल्या, आणि मग तो माझ्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर लावला.