बेगमीच्या युक्त्या आणि त्यांची कारणे



न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा ऋतू मोठा सोयीचा निवडला गेला. पण तो पुरुषांच्या सोयीचा. चैत्र-वैशाख म्हणजे आपल्या घरांत पापड, कुरडया, लोणची, वर्षाचे तिखट आणि धान्याची साठवण यांचे दिवस. आज समोर बसलेल्यांपैकी कित्येकींचे लक्ष अर्धे इथे आणि अर्धे गच्चीवरच्या वाळवणाकडे असेल, हे मी ओळखून आहे. म्हणून विषयच बेगमीचा घेतला आहे.

विषय घरगुती खरा, पण क्षुल्लक नव्हे. पाककृती एव्हाना ग्रंथांत जाऊन बसल्या. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि वाटी-चमच्याच्या मापाने सासुरवाशिणींना धीर देऊन गेली. साठवणीच्या युक्त्या मात्र अजून बहुतांशी तोंडोतोंडीच चालतात. हळदीकुंकवाला, नळावर, शाळेच्या फाटकापाशी एक आई दुसरीला सांगते, “अहो, डाळीला अमुक लावा, किडा फिरकायचा नाही.” युक्ती सांगितली जाते, तिचे कारण सांगायचे राहून जाते. कारण गळले की युक्तीचे दोन प्रकारांनी नुकसान होते. एक तर ती निरुपयोगी होते, आणि दुसरे म्हणजे तिच्या जागी तिच्यासारखी दिसणारी भलतीच गोष्ट येऊन बसते. या दुसऱ्या प्रकाराने माणसे दगावतात. ते पुढे सांगेन.

प्रथम आपल्या हवेविषयी. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर, म्हणजे शंभर इंच पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भिवंडी खाडीच्या आणि कामवारी नदीच्या शेजारची. आषाढात काडेपेटीसुद्धा ओढेना होते. अशा हवेत उघडे धान्य ओल पीत राहते. धान्यातला ओलावा शेकडा दहाच्या खाली असला, तर पोरकिड्याची वीण जवळजवळ थांबते. आपल्या पावसाळ्यात तो चौदा-पंधरावर सहज चढतो. सोलापूर-नगरकडची मैत्रीण “आमच्याकडे तर काहीच लावत नाहीत” असे म्हणते, ती खोटे बोलत नाही. तिची हवाच वेगळी आहे.

पूर्वी आपल्या भागातल्या शेतकरी घरांत तांदूळ साठवीतच नसत. साठवीत ते भात. शेणाने लिंपलेल्या बांबूच्या कणगीत भात भरून ठेवायचे आणि लागेल तसे कांडून किंवा गिरणीतून भरडून आणायचे. यात मोठे शहाणपण होते. भाताचे टरफल घट्ट मिटलेले असले, तर पोरकिड्याला त्यातून आत शिरणे सहसा जमत नाही. पाखरू भातालाही लागते, नाही असे नाही. पण निम्मा शत्रू टरफलाने दारातच अडवलेला असतो. आज आपण पॉलिश केलेल्या तांदळाची पोती घेतो. शेजारच्या वाड्याच्या कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. पण कोलम काय आणि दुसरा कुठला काय, टरफल आणि कोंडा गेलेला दाणा किड्यापुढे उघडाच. कणगी गेली आणि रखवालदारही गेला. मग त्या जागी काय ठेवायचे, हा प्रश्न उभा राहिला.

हा पोरकिडा कसा वागतो तेही पाहू. मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडे घालते आणि भोक चिकट द्रवाने बुजवून टाकते. आयुष्यात अशी तीनशेच्या आसपास अंडी ती घालते. अळी दाण्याच्या आतच वाढते, आणि उबदार, दमट हवेत महिन्याभरात नवा किडा दाणा पोखरून बाहेर येतो. म्हणजे आपण सुपात पाखडून, चाळून, निवडून “स्वच्छ” म्हणून डब्यात भरलेल्या तांदळात पुढच्या महिन्याचे किडे आधीच बसलेले असू शकतात. “डबा घट्ट लावला होता, तरी किडे आले कुठून?” या नेहमीच्या कोड्याचे उत्तर एवढेच.

यावरून उन्हाची युक्ती समजते. गहू कडक उन्हात दिला की दाणा तापून आतली अळी मरते आणि ओलही उडते. पण तोच नियम तांदळाला लावू नये. कडक उन्हाने तांदळाच्या दाण्याला बारीक चिरा पडतात आणि शिजताना त्याची कणी होते. म्हणून गव्हाला ऊन आणि तांदळाला सावली, असे वडीलधाऱ्या बायका सांगत. त्या काही शास्त्र शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांनी कणीचा भात खाल्लेला होता. रवा भाजून ठेवण्याचेही कारण हेच: अंडी मरतात, ओल जाते. आता फ्रीज असलेल्या घरी रव्याची पिशवी आठवडाभर बर्फाच्या खणात ठेवली, तर तेच काम थंडीने होते. मात्र बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. बाहेरची ओल आतल्या गार रव्यावर धरते.

कडधान्याचा भुंगेरा निराळ्या स्वभावाचा. तो अंडे दाण्याच्या आत न घालता वर चिकटवतो, आणि त्याला अख्खा, गुळगुळीत दाणा लागतो. म्हणून अख्ख्या मुगाला आणि वालाला भुंगेरा धरतो, तर भरडलेली डाळ त्याच्यापासून पुष्कळशी सुटते. डाळीला आणि गव्हाला एरंडेलाचा हात लावतात तोही याचसाठी. तेलाचा पातळ थर अंड्यावर बसला की त्याची हवा कोंडते. तेल हाताला जाणवेल न जाणवेल इतकेच हवे. धान्य तेलकट निथळू लागले तर त्यालाच खवट वास येतो. वाल राखेत ठेवण्याची रीत आता कमी झाली. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर आपल्याकडे वाल होतात, ते पुढच्या वर्षापर्यंत टिकवायला चुलीची राख असे. राख दाण्यांमधल्या फटी भरून काढते आणि किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडते. मग तो सुकून मरतो. गॅसच्या घरात राख आणायची कुठून, हे मात्र मला विचारू नका.

कडुनिंबाच्या पाल्याविषयी एकच सांगते. पाला सावलीत पूर्ण वाळलेला असावा. घाईने हिरवा पाला डब्यात घातला, तर किडे राहिले बाजूला, बुरशी आधी येते.

बेगमी धान्याची तशी पाण्याचीही. जुन्या सुती लुगड्याची घडी करून पाणी गाळणे ही आपल्या आज्यांची रीत. बांगलादेशच्या खेड्यांत रीटा कॉलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपासून पाहिली आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. सुती साडीची घडी करून, म्हणजे अनेकपदरी कापडातून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने घटले. पटकीचे जंतू कापडातून जाण्याइतके बारीकच असतात. पण तळ्यातल्या पाण्यात ते पुष्कळसे बारीक जीवांना चिकटून राहतात, आणि ते जीव कापडात अडकतात. गंमत अशी की नव्या साडीपेक्षा जुनी बरी, कारण धुऊन धुऊन सुताचे तंतू सुटतात आणि छिद्रे बारीक होतात. हे आपल्या मागांच्या गावात सांगायलाच हवे, कारण हाताशी येणारे कापड आज बहुधा कृत्रिम धाग्याचे असते. त्याचे तंतू तसे फुगत-सुटत नाहीत. “कापडाने गाळा” एवढेच सुनेला सांगितले, तर ती पॉलिएस्टरची ओढणी घेईल, आणि दोष तिचा नसेल. गाळलेले पाणी उकळावे लागतेच, हेही त्याबरोबर सांगायला हवे.

आता ज्याच्यासाठी मी मुख्यतः उभी राहिले ते सांगते. राख गेली, कणगी गेली, घाई वाढली, आणि त्यांच्या जागी पुड्या व गोळ्या आल्या. तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची चाल घरोघरी आहे. ती किड्याच्या पोटात जाऊन त्याला मारते, आणि आपल्या पोटासाठी काही ती वेगळी होत नाही. अन्न टिकवण्यासाठी बोरिक ॲसिड वापरण्याची आपल्याकडे परवानगी नाही. बाळाच्या सोललेल्या कातडीवर ही पूड लावल्याने अर्भके दगावल्याचे डॉक्टरांनी १९५० च्या दशकातच नोंदवून ठेवले आहे. तांदूळ चार पाण्यांनी धुतला म्हणजे झाले, असे म्हणतात; पण घाईच्या सकाळी कोण चार पाणी मोजतो? पारद टिकडीचेही तसेच. पारा विषारी धातू आहे आणि साध्या हवेतही त्याची वाफ होते. टिकडी फुटून गव्हात मिसळली तर ती निवडायची कशी? माझ्या मते या दोन्ही गोष्टी घरातून काढून टाकाव्यात.

तिसरी गोष्ट सर्वांत भयंकर. किराणा दुकानात चोरून मिळणारी “धान्यातली गोळी” ही बहुधा ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते. ती मोठ्या गोदामांसाठी, जाणकारांच्या देखरेखीखाली वापरण्याची आहे. घरगुती वापरासाठी तिची विक्री करता येत नाही. गोळी स्वतः किड्याला मारीत नाही. हवेतली ओल लागली की तिच्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. म्हणजे आपल्या दमट पावसाळ्यात तो झपाट्याने सुटणार. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू निघतो. आता आपल्या भिवंडीतली दहा बाय दहाची खोली डोळ्यांसमोर आणा: मागावर कामाला आलेल्या कुटुंबाची, पावसाने खिडकी लावून घेतलेली, तांदळाचे पोते अंथरुणाच्या उशाशी. छत दहा फुटांवर धरले, तर एका गोळीचा सगळा वायू त्या खोलीत पसरल्यावर हवेच्या दहा लाख भागांत सुमारे पंचवीस भाग होतो. आठ तास काम करणाऱ्या धडधाकट कामगारासाठी मानलेली मर्यादा ०.३ भाग आहे. ऐंशीपट झाले. आणि त्या खोलीत आठ तास काम करणारा कामगार नसतो, रात्रभर झोपलेले मूल असते.

या वायूवर उतारा नाही. उलट्या, पोटदुखी, तडफड, छातीत कोंडणे अशी लक्षणे होतात, आणि “काहीतरी बाधले” म्हणून घरचे लिंबूपाणी देत बसतात. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास आला, तर गोळी शोधत बसू नये. सर्वांनी, आधी मुलांनी, उघड्यावर यावे, शेजाऱ्यांना हाक मारावी आणि थेट रुग्णालय गाठून “धान्यात गोळी होती” हे शब्द प्रथम सांगावेत. वास आला नाही म्हणून धोका नाही, असेही समजू नये. घरात न वापरलेली गोळी असेल, तर ती मोरीत, नाल्यात किंवा ओल्या कचऱ्यात मुळीच टाकू नये. पाण्यात पडली की ती एकदम वायू सोडते. ज्याने विकली त्याला बंद डब्यासह परत करावी, आणि दुसऱ्या कुणाला विकू नको असे ठणकावून सांगावे.

मग तांदूळ ठेवायचा कसा? ज्यांना खोली लहान, त्यांनी वर्षाची बेगमी करूच नये, असे मी स्पष्ट सांगते. वर्षाचे पोते घेणे ही कणगीच्या घरातली रीत होती, आणि तेव्हा पावसाळ्यात बाजाराची वाट बंद होत असे. आज बाजार बारा महिने उघडा आहे. महिन्याचे घ्यावे, म्हणजे आतल्या अंड्यातून किडा निघेपर्यंत डबा बहुधा रिकामा झालेला असतो. डबा धुऊन उन्हात कडकडीत वाळवावा, जुना तळ संपल्याखेरीज त्यावर नवा तांदूळ ओतू नये, आणि डबा भिंतीपासून चार बोटे दूर, पाटावर ठेवावा. तरीही दोन-चार पोरकिडे निघालेच, तर तांदूळ सावलीत पसरून पाखडून घ्यावा, धुवावा आणि शिजवावा. पोरकिड्याने आजवर कोणाचा जीव घेतलेला नाही.