बियाणें उगवेल काय?

आमच्या जालना जिल्ह्यांत मृग नक्षत्र जवळ आलें कीं घरोघरीं एकच प्रश्न निघतो : घरचें सोयाबीन पेरण्याजोगें आहे काय? जालना बियाण्यांच्या धंद्यासाठीं प्रसिद्ध आहे, कै. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं महिको कंपनी येथेंच स्थापन केली. तरी घरचें बियाणें राखणाऱ्यास त्याची परीक्षा स्वतःच घ्यावी लागते. अंदाज चुकला तर दुबार पेरणी कपाळीं येते.

परीक्षा सोपी आहे. ओल्या गोणपाटांत दाणे मांडून गुंडाळावे व सुमारें आठ दिवसांनीं मोजावे. समजा, २० पैकीं १२ उगवले. मग उगवण शेंकडा ६० च मानावी काय? मागील अनुभव तर ७० चा आहे. ह्या दोहोंची सांगड घालण्याचा मार्ग थॉमस बेझ ह्या इंग्लिश धर्मोपदेशकाच्या निबंधांतून निघाला. तो त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ सालीं प्रसिद्ध झाला.

हें गणित संगणकावरील एक्सेलसारख्या साध्या तक्त्यांत करतां येतें. पहिल्या रकान्यांत संभाव्य उगवण लिहावी : ६०, ७०, ८०. दुसऱ्यांत परीक्षेपूर्वीं प्रत्येकीवर असलेला आपला विश्वास : २०, ५०, ३०, बेरीज १०० भरावी. तिसऱ्यांत, ती उगवण खरी असल्यास विसांतून नेमके बारा दाणे उगवण्याचा संभव. तो ‘बायनॉम डिस्ट’ हें सूत्र काढून देतें : शेंकडा १८, ११.४ व २.२. चौथ्यांत दुसऱ्या व तिसऱ्या रकान्यांचा गुणाकार करावा. प्रत्येक गुणाकारास त्यांच्या बेरजेनें भागून शंभरानें गुणिलें कीं नवा विश्वास मिळतो : ३६, ५७ व ७.

म्हणजे ६० विषयींची शंका वाढली, ८० ची आशा बहुतेक मावळली. पण ७० चें पारडें अद्याप जड आहे. आतां १०० दाणे घेऊन ६० उगवले असें धरून आम्हीं तोच हिशेब केला, तेव्हां ६० वरील विश्वास ७९ झाला व ७० वरील २१ उरला! प्रमाण तेंच, परंतु पुरावा पांचपट. म्हणून विसांवर थांबूं नये.

प्रमाणित सोयाबीनची किमान उगवण ७० ठरलेली आहे. तेवढ्या उगवणीस एकरीं ३० किलो बियाणें लागत असेल, तर ६० च्या उगवणीस ३५ किलो घ्यावें.

विद्यार्थिमित्रांनो, यंदा वडिलांच्या शेजारीं बसून हा तक्ता मांडा. त्यांचा अनुभव दुसऱ्या रकान्यांत लिहा, तुमची मोजणी तिसऱ्यांत. दोहोंवांचून चौथा रकाना भरत नाहीं.