आधी गाणी, मग करार

अमेरिकेतील ‘जिमी ईट वर्ल्ड’ या बँडचा ‘क्लॅरिटी’ हा अल्बम कॅपिटल रेकॉर्ड्स या बलाढ्य कंपनीने फेब्रुवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे त्याच वर्षी बँडशी असलेला करारही संपवला. आज ‘इमो’ संगीताचा इतिहास सांगताना हा अल्बम वगळता येत नाही. त्या काळी कंपनीच्या खातेवहीत मात्र तो तोट्याचा व्यवहार ठरला होता.

इमो हे ‘इमोशनल’ या शब्दाचे लघुरूप. १९८० च्या दशकाच्या मध्यात वॉशिंग्टनमधील हार्डकोअर पंक बँडपैकी काहींनी राजकीय घोषणांऐवजी मनातली पडझड गाण्यांत आणली, तेव्हा हे नाव रूढ झाले. त्यात कौतुकापेक्षा टोमणाच अधिक होता आणि ज्यांना ते चिकटले, त्यांतील बहुतेकांना ते कधी आवडले नाही.

‘जिमी ईट वर्ल्ड’ची स्थापना १९९३ मध्ये ॲरिझोना राज्यातील मेसा या फीनिक्सलगतच्या गावी झाली. जिम ॲडकिन्स, टॉम लिंटन आणि ड्रमवादक झॅक लिंड हे तेव्हापासूनचे सदस्य; बेसवादक रिक बर्च १९९५ मध्ये आला. नावाची कथा मजेशीर आहे. टॉमच्या दोन धाकट्या भावांचे भांडण झाले आणि त्यातील एकाने चिडून, जिम नावाचा आपला भाऊ अख्खी पृथ्वी गिळतो आहे, असे चित्र रंगीत खडूंनी काढले. चित्राखालचे इंग्रजी व्याकरणदृष्ट्या चुकलेले होते. ते तसेच बँडचे नाव झाले.

१९९५ मध्ये कॅपिटलशी करार झाला तेव्हा ही मुले विशीच्या उंबरठ्यावर होती. बीटल्सच्या तबकड्या अमेरिकेत विकणारी हीच ती कंपनी. अशा करारात कंपनी ध्वनिमुद्रणासाठी आगाऊ रक्कम देते आणि ती कलावंताच्या मानधनातून वळती करून घेते. मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी सहसा कंपनीकडेच राहते. गाणी खपली नाहीत, तर कलावंताच्या नावावर न फिटलेली रक्कम तेवढी उरते. १९९६ चा ‘स्टॅटिक प्रिव्हेल्स’ फारसा खपला नाही. मात्र या काळातही बँडने छोट्या कंपन्यांसाठी, इतर बँडच्या जोडीने, लहान तबकड्या काढणे सोडले नाही. हा शहाणपणा पुढे कामी आला.

‘क्लॅरिटी’साठी त्यांनी संगीतनिर्माता मार्क ट्रॉम्बिनोला पुन्हा सोबत घेतले. आरंभी लिंटन हा मुख्य गायक होता. आता बहुतेक गाणी ॲडकिन्स गाऊ लागला. गिटारांच्या जोडीला तंतुवाद्ये, घंटा, यांत्रिक ताल असे बरेच काही आले. अखेरचे ‘गुडबाय स्काय हार्बर’ तर सोळा मिनिटे चालते. कंपनी पुन्हा संधी देईल याची खात्री नसलेल्या माणसांनी मनातले सारे एकदाच ओतून टाकावे, तसा हा अल्बम ऐकताना वाटतो. ‘लकी डेन्व्हर मिंट’ हे गाणे लॉस एंजेलिसच्या के-रॉक नभोवाणी केंद्रावर वाजले, ‘नेव्हर बीन किस्ड’ या चित्रपटातही आले. तरी कंपनीचा निर्णय बदलला नाही.

करार गेला, पण त्याबरोबर परवानगी मागण्याची गरजही गेली. मिळेल ती कामे, दौऱ्यांतून मिळणारे उत्पन्न आणि जुन्या छोट्या तबकड्यांतील गाणी एकत्र करून २००० मध्ये काढलेला ‘सिंगल्स’ हा संग्रह यांतून पैसा उभा राहिला. ट्रॉम्बिनोने आपले पैसे नंतर घेण्याचे मान्य केले. अशा रीतीने नवा अल्बम कोणत्याही कंपनीविना ध्वनिमुद्रित झाला. मग बँड कंपन्यांसमोर गेला तो तयार गाणी घेऊन. या वेळी कंपन्यांमध्ये चुरस होती. ड्रीमवर्क्सने बाजी मारली.

याला स्वावलंबनाची निर्भेळ विजयगाथा म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटते. बँड शेवटी मोठ्या कंपनीकडेच गेला. बदलला तो क्रम: पूर्वी करार आधी आणि गाणी नंतर होती, आता गाणी आधी होती. साहजिकच ती कशी असावीत, हे सांगायला कंपनीकडे जागाच उरली नाही.

‘ब्लीड अमेरिकन’ या नावाने हा अल्बम जुलै २००१ मध्ये आला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ते नाव भलत्याच अर्थाने वाचले जाईल, या भीतीने अल्बमला केवळ बँडचे नाव देण्यात आले. मूळ नाव २००८ च्या आवृत्तीत परतले. त्यातील ‘द मिडल’ हे गाणे, सोबतची मुले आपल्याला पुरेसे ‘पंक’ मानत नाहीत, अशी खंत कळवणाऱ्या एका तरुण चाहतीच्या पत्रावरून ॲडकिन्सला सुचले होते. २००२ मध्ये ते बिलबोर्डच्या मुख्य यादीत पाचव्या क्रमांकावर पोहोचले.