डोंगर फोडून बांधलेलं गाणं

ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गची लोकसंख्या दीड लाखाच्या थोडी वर. कोल्हापूरच्या एक तृतीयांशही नाही. या एवढ्याशा शहराने संगीतासाठी डोंगर फोडला आहे.

म्योन्क्सबेर्ग डोंगर जुन्या शहराला अगदी खेटून उभा आहे. मोठं नाट्यगृह हवं होतं आणि जागा नव्हती. मग वास्तुकार क्लेमेन्स होल्त्समाइस्टर यांच्या आराखड्यानुसार 55,000 घनमीटर खडक सुरुंग लावून काढला. एका ट्रकमध्ये 10 घनमीटर दगड धरला, तरी साडेपाच हजार खेपा! 1960 साली उघडलेल्या या नाट्यगृहात प्रेक्षक बसतात दोन हजारांहून थोडे अधिक, पण रंगमंचाची रुंदी तब्बल 100 मीटर. आपल्याकडचं नाटकाचं थिएटर त्यावर आडवं मावेल. 1920 पासून या शहरात भरणाऱ्या उन्हाळी महोत्सवाला दोन लाखांहून जास्त प्रेक्षक येतात, म्हणजे गावात राहणाऱ्यांपेक्षा अधिक.

हा सोस आजचा नाही. 1628 साली पावन झालेल्या कॅथेड्रलमध्ये दहा हजार माणसं मावतात. एवढी वास्तू स्वरांनी भरायची कशी? बीबर या इथल्या संगीतकाराची मानली जाणारी एक प्रार्थनारचना पाहा, बहुधा 1682 सालची. तिच्यात एकाच वेळी 53 स्वतंत्र ओळी चालतात: दोन गायकवृंद, तंतुवाद्यं, बासऱ्या, तुताऱ्या, ढोल. वादक वेगवेगळ्या सज्जांत उभे राहत आणि आवाज चहूबाजूंनी श्रोत्यांवर येई. एकाच सुराचा शांतपणे विस्तार ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना हे आधी गोंधळवतं, मग अक्षरशः भारून टाकतं.

आणि मोट्झार्ट. गेट्रायडगासे या अरुंद गल्लीतल्या 9 नंबरच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, 27 जानेवारी 1756 रोजी तो जन्मला. सात भावंडांतली दोनच जगली, त्यांतला हा धाकटा. पाचव्या वर्षी पहिली रचना, पस्तिसाव्या वर्षी मृत्यू. 1862 साली क्योखेल यांनी त्याच्या रचनांची यादी केली, ती थांबली 626 वर. तीस वर्षांचा हिशेब मांडला, तर दर सतरा-अठरा दिवसांना एक नवी रचना, आणि त्यांत अख्खे ऑपेरेही आले. त्यातही आयुष्यातले 3,720 दिवस, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून अधिक काळ, घोडागाडीच्या प्रवासात आणि परगावी गेला. 2016 साली त्याचं समग्र संगीत 200 सीडींवर निघालं: 240 तास. न झोपता ऐकलं, तरी दहा दिवस आणि दहा रात्री. लिहायला किती लागले असतील, ही कल्पनाच मला झेपत नाही.

साल्झबुर्गला जाणार असाल, तर निघण्याआधी त्याची 25 वी सिम्फनी जरूर ऐका. ती त्याने याच शहरात 1773 साली पूर्ण केली, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.