गाडीची पहिली सर्व्हिसिंग घरी: वाचतं किती, शिकायला मिळतं किती?

कागलहून रोज कोल्हापूरला माल टाकायचा, येताना गोकुळ शिरगावात थांबायचं, आठवड्यातून एकदा निपाणी. असा धंदा असला की गाडी दिवसाला ६० किलोमीटर सहज पळते. महिन्याचे २६ दिवस धरले तर १,५६० किलोमीटर. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना कंपनी १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल तेव्हा सर्व्हिसिंग सांगते. तुमची ती साडेसहा महिन्यांतच येणार. आणि गाडी गॅरेजला गेली की त्या दिवशीचा माल घरात.

मग साहजिकच डोक्यात येतं, हे घरीच केलं तर? जमतं. पण गाडी वॉरंटीत असेल तर विषय इथेच थांबवा, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या. वॉरंटी संपलेली किंवा सेकंडहँड घेतलेली गाडी असेल, तरच पुढे वाचा.

पाना हातात घ्यायच्या आधी वही घ्या. गॅरेजचं जुनं बिल काढा. उदाहरण म्हणून समजा ते ४,५०० रुपयांचं आहे. त्यात ऑइल, ऑइल फिल्टर, वॉशर आणि एअर फिल्टर मिळून २,८००. म्हणजे जास्तीत जास्त वाचणार १,७००. आता पहिल्यांदा अवजारं घ्यावी लागणार: जॅकस्टँडची जोडी, रिंग पाने, फिल्टरचा पाना, नरसाळं, पसरट घमेलं. त्याचे ३,००० धरा. पहिल्या खेपेला तुम्ही १,३०० रुपये तोट्यात! दुसऱ्या खेपेपासून फायदा. त्यातही चार तास जाणार. तुमचा तास ३०० रुपयांचा असेल तर १,२०० तिथेच गेले, हातात राहिले ५००. म्हणून धंद्याच्या दिवशी हे करू नका, रविवारी करा.

तरी मी करा म्हणतो, कारण एकदा स्वतः केलं की गॅरेजचं बिल वाचता येतं. ‘इंजिन फ्लश’, ‘डीकार्बनायझिंग’, ‘कन्झ्युमेबल्स’ अशा ओळी आल्या की मॅन्युअल उघडून विचारता येतं, हे यात कुठं लिहिलंय? वर्षानुवर्षं न बघता भरलेली बिलं छोट्या धंद्याला नकळत पोखरतात.

ऑइल घेताना दुकानदाराला ‘चांगलं द्या’ म्हणू नका. मॅन्युअलमध्ये ग्रेड असते, ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० अशी. पहिला आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहतं ते सांगतो, दुसरा गरम इंजिनात ते किती जाड राहतं ते. लिटर किती लागतं तेही तिथेच असतं. महाग म्हणजे योग्य असं काही नाही. पक्कं बिल घ्याच. जीएसटी नोंदणी असेल तर मालवाहू गाडीच्या देखभालीवर इनपुट क्रेडिट मिळू शकतं. साध्या प्रवासी कारला ते सहसा मिळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडीबरोबर आलेला जॅक चाक बदलण्यासाठी असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. कधीच नाही. अंगणातली माती दबते, जॅक तिरका होतो. सपाट सिमेंटचा कोबा हवा, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे. गाडी जॅकस्टँडवर टेकवली की हाताने हलवून बघा, मगच खाली जा. ईकोसारख्या उंच गाडीत न उचलता हात पोचत असेल तर जॅक लावूच नका. (ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, बोनेट उघडून शोधत बसू नका.)

इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा. कोमट ऑइल नीट उतरतं, उकळतं ऑइल हात भाजतं. चेंबरचा बोल्ट सोडा, ऑइल पूर्ण गळू द्या. परत लावताना नवा वॉशर घाला आणि बोल्ट आधी बोटांनी फिरवा. अडला तर जोर नको, काढून पुन्हा सरळ लावा. चेंबरचे आटे गेले की कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुरुस्त होतील, पण तुमचा सोमवार गेला.

जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, ते बघा. राहिली तर दोन रिंगांमधून ऑइल बाहेर येतं. नव्या फिल्टरच्या रिंगला बोटाने ऑइल लावा, हाताने बसवा, मग फिल्टरवर लिहिलंय तेवढाच आवळा. ऑइल सांगितल्यापेक्षा थोडं कमी ओता, इंजिन मिनिटभर चालवा. ऑइलचा लाल दिवा विझला पाहिजे, नाहीतर लगेच बंद. खाली गळती बघा, थोडं थांबून डिपस्टिक बघा. दोन खुणांच्या मध्ये पातळी हवी. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणं हेही नुकसानच.

एअर फिल्टर पाच मिनिटांचं काम. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमागून धुळीत गाडी चालवणाऱ्यांनी तो किलोमीटरची वाट न बघता उघडून बघावा.

ब्रेक, स्टिअरिंग, एसीचा गॅस आणि सीएनजी किट यांना घरी हात लावू नका. सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी होणारी तपासणीही अधिकृत केंद्रातच.

उरलेलं काळं ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. ओढ्यात, गटारात, उसाच्या बांधावर नको. ते पुढे दूधगंगेलाच मिळणार. रिकाम्या कॅनमध्ये भरा आणि जुनं ऑइल ड्रममध्ये साठवून अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजला द्या.

वहीत तारीख, किलोमीटर, ऑइलची ग्रेड, सामानाचा खर्च आणि लागलेले तास लिहा. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की बोल्ट आणि फिल्टरखाली कोरडा कागद फिरवा, डिपस्टिक पुन्हा बघा आणि तेही त्याच पानावर टिपून ठेवा.